आभासी भूमीचा धनी

हेडफोनसाठी खिशात मावेल असा ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्वतःच्या हातांनी बांधणारा गृहस्थ हा शहरी मराठी मध्यमवर्गाचा एक स्वतंत्र पोटवर्ग मानावा लागतो. संगीतप्रेमी आणि तंत्रज्ञ या दोन्ही वर्गांत त्याची गणना करण्याचा मोह होतो खरा. परंतु पहिल्या वर्गातील लोक गाणे संपेपर्यंत ऐकतात आणि दुसऱ्या वर्गातील लोक यंत्र चालू झाल्यावर त्याचे झाकण लावतात, आणि या गृहस्थाकडून या दोन्ही गोष्टी घडत नाहीत. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात, निवास कोथरूडमध्ये आणि कर्मभूमी जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा, अशी त्याची सर्वसाधारण लक्षणे सांगता येतात.

त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे एक पानी आराखडा. चू मॉय यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेली आणि त्यांच्याच नावावरून 'सीमॉय' म्हणून ओळखली जाणारी ही रचना एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. आल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत ती बेताची बसत असल्याने अमेरिकेतील हौशी मंडळींनी ती डबीच तिचे अधिकृत घर ठरवली. परिणामी न्यू जर्सीचा भाचा "मामा, येताना काय आणू?" असे विचारतो तेव्हा बाकीचे नातेवाईक बदाम आणि घड्याळे सांगतात, तर हा गृहस्थ गोळ्यांची डबी सांगतो, आणि सामान जड होत असेल तर गोळ्या तिथेच खाऊन टाकल्या तरी चालेल, अशी मुभाही देतो.

खरेदीसाठी तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात जातो. दुकानदार "किती नग?" असे विचारतो आणि "दोन" हे उत्तर ऐकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे ध्वनिसंकेत वाढवण्याचे प्रत्यक्ष काम करणारी आठ पायांची चिप, मात्र तो सहजासहजी स्वीकारत नाही. स्वस्त चिपवर महागड्या चिपचा क्रमांक छापून विकण्याचे प्रकार घडतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून घरी आल्यावर तो भिंगाखाली अक्षरे तपासतो आणि पत्नीच्या नखरंग पुसण्याच्या द्रावणाने ती घासून पाहतो. अक्षरे टिकली तर चिप अस्सल असण्याची आशा वाटते. बाटली संपल्याचे दोन दिवसांनी उघडकीस येते.

या रचनेतील सर्वांत रम्य कल्पना म्हणजे आभासी भूमी. ध्वनिसंकेत शून्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे झुलत असल्याने चिपला धन, ऋण आणि त्यांच्या मधले शून्य अशा तिन्हींची गरज असते. बॅटरीला मात्र दोनच टोके असतात. तेव्हा ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला ठरावीक अडथळा करणारे घटक, एकापुढे एक जोडून त्यांच्या मधल्या बिंदूलाच शून्य मानले जाते आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर त्या बिंदूला स्थिर ठेवण्यास हातभार लावतात. ज्या शहरात खरा एक गुंठा घेण्याचा विचार या गृहस्थाने केव्हाच सोडून दिलेला असतो, तेथे चहाच्या पैशांत भूमी निर्माण होते आणि तिला सातबारा लागत नाही, हे समाधान लहान म्हणता येणार नाही.

झाळकामास, म्हणजे सोल्डरिंगला, तो रात्री जेवणानंतर बसतो. तयार भोके असलेली पट्टी, जिला बाजारात 'झिरो पीसीबी' म्हणतात, तिच्या पोटाखालचे टाके पत्र्याच्या डबीला टेकू नयेत म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून खाली घातला जातो. कात्री चालवताना गणपतीचे चित्र वगळले जाते.

चिप संकेत किती पट वाढवणार, हे मूळ आराखड्यात १० आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरवर ठरते आणि ही पट ११ येते. पहिल्याचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी आणि दुसऱ्याचे तपकिरी, काळा, लाल. रात्री अकराच्या सुमारास नारिंगी आणि लाल यांतील भेद हा चष्म्याच्या क्रमांकाचा प्रश्न असतो, त्यामुळे त्यांच्या जागांची अदलाबदल होते आणि ११ पटीऐवजी १.१ पट हाती येते; म्हणजे फोनमधून जेवढा आवाज येत होता, जवळजवळ तेवढाच पुढे जातो. पुढील आठ दिवस हा गृहस्थ तंबोऱ्याची जवारी आता कशी सुटी ऐकू येते आणि आवाजात कशी पारदर्शकता आली आहे, हे भेटेल त्याला सांगतो. खरे पाहता तो चुकत नाही. ११ पट ही ३०० ओहमच्या अडेल हेडफोनला शोभणारी वाढ असून त्याच्या ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला ती पेलत नाही. घुंडी जराशी फिरवताच कान भरतात, आणि घुंडीच्या त्या पहिल्या वळणावर डावा-उजवा आवाज बहुधा समान नसतो. चुकीचा अ‍ॅम्प्लिफायर हाच त्याच्यासाठी योग्य अ‍ॅम्प्लिफायर होता. नवव्या दिवशी चूक ध्यानात येते आणि तो ती तत्परतेने दुरुस्त करतो.

त्यानंतर उजवीकडचा आवाज बारीक येऊ लागतो आणि गृहस्थाच्या चेहऱ्यावर तेज चढते. कारण 'ड्राय सोल्डर', म्हणजे वरून जुळलेला आणि आतून सुटा राहिलेला टाका, शोधण्यात जे सुख आहे, ते दोषरहित यंत्रात मिळत नाही. चिपही त्याने थेट झाळलेली नसते. तिच्यासाठी 'आयसी बेस' नावाची बैठक बसवलेली असते, जेणेकरून एक उपटून दुसरी बसवता यावी आणि असमाधानाला दार कायम उघडे राहावे. वस्तू वहनीय असली तरी तिचा प्रवास टेबलापासून पलंगापर्यंतच होतो, कारण तारा, बॅटरी आणि पत्र्याची डबी हे चित्र विमानतळाच्या तपासणी यंत्रात कसे दिसेल, याचा विचार त्याच्या आधी पत्नीने केलेला असतो.

घरातील दुसरी ९ व्होल्टची बॅटरी संपलेली असते तेव्हा त्याची खरी परीक्षा होते, कारण मल्टिमीटर हे मोजमापाचे उपकरणही त्याच बॅटरीवर चालते. उरलेली एकमेव बॅटरी डबीत घातली तर ऐकता येते, पण मोजता येत नाही. मीटरमध्ये घातली तर मोजता येते, पण ऐकता येत नाही. "अहो, आता तरी गाणं लागणार आहे का?" असे आतून विचारले जाते. बॅटरी मीटरमध्ये जाते, आणि मुक्या डबीतील रेझिस्टर तो डावीकडून एकेक करून पुन्हा मोजू लागतो.