समुद्रसपाटीपासूनचं नशीब

लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला हिशेब कळत नाही, असं शहाणी माणसं म्हणतात. आमच्या टोळक्यात गणिताचे एक निवृत्त मास्तर आहेत, नाना बँकेतून निवृत्त झालाय आणि बापूची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात जमिनीची मोजणी करण्यात गेली. हिशेब कळत नाही असा त्यातल्या त्यात मीच. आणि तिकीट घ्यायची कल्पना माझी नव्हती, नानाची होती.

आमचा छंद गडांचा. शनिवारी रात्रीची शेवटची एसटी पकडायची, पहाटे कुठल्यातरी पायथ्याच्या गावात उतरायचं, कोणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची आणि उजाडलं की वर. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे छंदाचा चढाईचा भाग गळून बोलण्याचा भाग तेवढा शिल्लक आहे. तो मात्र जोरात आहे. वेल्ह्यातून तोरण्याच्या बिनी दरवाजापर्यंत पोचायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त वेळ आता त्या वाटेबद्दल बोलण्यात जातो.

तर दिवाळीच्या सुमाराला नाना म्हणाला, “बंपरचं तिकीट घेऊ. पण आकडा गडाचा.” कागदी लॉटरीत शेवटचे चार अंक जुळले की बक्षीस असतं आणि सह्याद्रीतल्या बऱ्याच बड्या गडांची मीटरमधली उंचीही चार अंकी. म्हणजे निसर्गानं सोय करूनच ठेवली होती. महाराष्ट्र सरकारनं १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली, पण एवढ्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, याचं नानाला फार वाईट वाटलं. बक्षिसाचा मोह मला नव्हता असं नाही. पण दहा हजारांच्या वरच्या रकमेवर तीस टक्के कर कापून प्रत्येकी किती येतील, हे नानानं तिकीट घ्यायच्या आधीच पाकिटाच्या मागे मांडून दाखवलं, तेव्हा माझा उत्साह जरा ओसरला.

नाना तोरण्याचा भक्त. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता : तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मग ज्या गडानं एकदा धन दिलंय, त्याचाच आकडा घ्यायचा. १४०३. मास्तर म्हणाले, साल्हेर घ्या, १५६७, राज्यातला सगळ्यांत उंच किल्ला. शिवाय १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते तिथेच. मी भीत भीत रायगडाचं नाव काढलं. राजधानी असून उंची ८२० मीटर. पुढे शून्य लावावं लागतं म्हटल्यावर तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला उठलो.

परत येईपर्यंत राजगडावरून जुंपली होती. एका पुस्तकात त्याची उंची १३७६ मीटर, दुसऱ्यात १३९४. अठरा मीटर कुठे गेले? बापू इतका वेळ गप्प होता, कारण त्याला आपला क्षण येणार हे माहीत होतं. “तुम्ही वाचता ती उंची कशाची?” तो म्हणाला. “बालेकिल्ल्याची? माचीची? की लेखकाला जिथे धाप लागली तिथली?” सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशिवाय एकही आकडा तो मान्य करणार नव्हता. एखाद्या माणसानं लॉटरीच्या तिकिटासाठी स्थलदर्शक नकाशा मागवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यात नानानं फुटांचा मुद्दा काढला. मीटरमध्ये मोजलं तर कळसूबाईच्या १६४६ वर महाराष्ट्र संपतो. म्हणजे ०००० ते ९९९९ या आकड्यांमधली वरची सगळी जागा आपल्यासाठी ओसाड. फुटांत मोजलं तर ५४०० पर्यंत मजल जाते. “आपलं क्षेत्र तिपटीनं वाढतं!” मास्तरांनी डोक्याला हात लावला. क्षेत्र वाढो की घटो, घेतलेल्या एका तिकिटाची शक्यता दहा हजारांत एक, ती तोरण्याचीही तेवढीच आणि घरातल्या दिव्याच्या बिलाचीही तेवढीच, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथे तेव्हा ४९ आकड्यांतून सहा आपण निवडायचे असत. जानेवारी १९९५ मधल्या एका सोडतीत पहिलं बक्षीस निघालं आणि दावेदार उभे राहिले १३३! सुमारे एक कोटी साठ लाख पौंडांची रक्कम वाटली गेली, प्रत्येकाच्या हाती सव्वा लाखाच्या आतबाहेर. निघालेले आकडे ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२. त्यांतले बरेचसे तिकिटाच्या मधल्या भागात ओळीनं खुणा करणाऱ्यांनी घेतले होते, असा तर्क. “माणसं जिथे आवडीनं आकडे घेतात तिथे गर्दी होते,” मास्तर म्हणाले. “आपल्या कागदी तिकिटावर तो धोका नाही. छापलेलं तिकीट एकच.” हे ऐकून नाना खूश. गडावर गर्दी नको, हे आमचं जुनं मत आहे. लॉटरीतही नसेल तर बरंच.

शेवटी निकाल लागला तो अनपेक्षित मार्गानं. मीच सहज बोललो, की कळसूबाईची उंची १६४६ आणि तोरणा घेतल्याचं जे साल बहुतेक ठिकाणी सांगतात, तेही १६४६. दोन क्षण कोणी बोललं नाही. मग नाना हळूच म्हणाला, “संकेत.” संकेत या गोष्टीवर मास्तरांचा अजिबात विश्वास नाही, पण तेही पाकीट काढू लागले होते. कळसूबाई हे शिखर, गड नव्हे, ही बापूची हरकत मतदानानं फेटाळण्यात आली.

स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर तिकिटं चिमट्यांना लटकलेली होती. नानानं आकडा सांगितला. स्टॉलवाल्या मुलानं गठ्ठे चाळले आणि म्हणाला, “काका, १६४६ नाही. १६४३ आहे.”

“तीन कमी,” बापू म्हणाला.

“तीननं काय होतंय काका? घ्या, लागेल.”

“शिखराच्या तीन मीटर खाली उभं राहून काय करायचं? वर देवीचं देऊळ आहे, ते दिसणारसुद्धा नाही!”

मुलानं आमच्या चौघांकडे पाहिलं. आकड्यांचा नाद लागलेली माणसं त्याच्याकडे रोज येत असणार, वाढदिवस घेऊन, गाडीचा नंबर घेऊन, कोणी स्वप्न घेऊन. मुंबईनं तर एकेकाळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावलाय. पण देऊळ दिसत नाही म्हणून तिकीट नाकारणारे बहुधा आम्हीच. शेवटी मास्तरांनी पैसे दिले आणि तीन मीटर खालचं तिकीट खिशात घातलं. शक्यता तेवढीच, असं परतीच्या वाटेवर ते स्वतःशीच म्हणत होते.

सोडतीचे शेवटचे चार अंक निघाले ७३९४.

नाना खचेल असं मला वाटलं होतं. पण संध्याकाळी तो वही घेऊन हजर. ७३९४ फूट म्हणजे २२५४ मीटर. महाराष्ट्रात एवढं उंच काही नाही, हे त्याला मान्य होतं. पण सह्याद्री आपल्या राज्यात थोडाच संपतो? खाली केरळात आनाईमुडी आहे, २६९५ मीटर. मास्तरांनी तर ठामपणे सांगितलं की पायथ्यापासून सलग चढत गेलेल्या डोंगरावर २२५४ मीटरची जागा असलीच पाहिजे, ती गणितानंच सिद्ध होते. शिवाय केरळनं लॉटरी आपल्याही दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये सुरू केली. म्हणजे जागेवर जाऊन तिकीटही घेता येईल. नाना एर्नाकुलमच्या गाड्यांची वेळ बघू लागला. मी गुडघ्यांची आठवण करून दिली, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बापूनं चष्मा पुसला. “जाऊ,” तो म्हणाला. “पण आधी ती २६९५ कुठल्या नकाशातली, ते सांग.”