तिसऱ्या मजल्यावरचे दर्यावर्दी

पुण्याला समुद्र नाही, ही उणीव पुणेकरांनी कधी फारशी मनावर घेतली नाही. खडकवासल्याच्या भिंतीवर कणीस खात बसलं की लाटांचं काम भागतं, असा इथला समज आहे. पण अलीकडे काही मंडळींनी ही सोय स्वखर्चाने घरातच करून घेतली आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात साठ लिटरचा खारा समुद्र. त्याला लाटा असतात, त्या पंप आणतो. ओहोटीही असते, ती वर पाणी घालायचं राहिलं की येते. अशा गृहस्थांना मी दर्यावर्दी म्हणतो. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक आहेत आणि त्यांच्यावरून बाकीचे ओळखता येतात.

दर्यावर्दी साधारण चाळिशीचे असतात. घराचे हप्ते निम्मे फिटलेले, मुलगी आठवी-नववीत, ऑफिसात हाताखाली चार माणसं आणि ती चारही न ऐकणारी. लागण बहुधा मालवणात होते. तारकर्लीला सहकुटुंब गेलेले असताना बाकीचे सोलकढीच्या रांगेत उभे राहतात आणि हे तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घालतात. वीस मिनिटांनी वर येतात ते निराळेच होऊन. परतीच्या वाटेवर आंबोली घाटात पोरं वांत्या करत असतात आणि हे मोबाइलवर ‘छोटी रीफ टाकी कशी लावावी’ याचे व्हिडिओ बघत असतात.

सांगणारा कोण असतो? अमेरिकेतला कुणी दाढीवाला. त्याच्या तळघरात दोन हजार लिटरचा समुद्र. आमचे दर्यावर्दी त्याला गुरू करतात आणि महिनाभरात त्यांची भाषा बदलते. ‘पाणी हलतंय’ असं ते म्हणत नाहीत, ‘फ्लो चांगला आहे’ म्हणतात. गोगलगायी आणि शंखात राहणारे खेकडे यांना ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात, आणि इतक्या आदराने, की महापालिकेच्या सफाई कामगारांना तो कधी लाभला नसेल.

मग क्रॉफर्ड मार्केटची वारी. तिथल्या दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “गोडं की खारं?” दर्यावर्दी छाती किंचित पुढे काढून “खारं” म्हणतात. दुकानदार त्यांना बसायला स्टूल देतो. ते स्टूल फुकट नसतं. काचेची टाकी सगळ्यांत स्वस्त, हे कळायला त्यांना संध्याकाळ होते. त्यावर निळा दिवा, लाटांचा पंप, फेसातून घाण उचलणारा स्किमर, हीटर, मीठ, मीठ मोजायचा चष्मा, पाणी तपासायच्या बाटल्या. परतताना रेल्वेत मांडीवर दगडांचं खोकं घेऊन बसलेल्या माणसाला सहप्रवासी विचारतात, “काय आहे?” दर्यावर्दी म्हणतात, “दगड.” “कुठले?” “मुंबईचे.” सह्याद्रीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मग कुणी काही बोलत नाही.

आता पाणी. मासे हे निमित्त. दर्यावर्दींनी पाळलेलं असतं ते पाणी. महापालिकेचं पाणी चालत नाही. घरच्या आरओचंही नाही, कारण त्यात थोडे क्षार उरतात. त्यापुढे रेझिनची आणखी एक नळी लावून टीडीएसचा आकडा शून्यावर आणायचा आणि त्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवायचं, म्हणजे साठ लिटरला दोन किलोंहून थोडं जास्त. स्वयंपाकघरातलं मीठ नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं घातलेलं, बादलीतून येणारं, बासमतीहून महाग मीठ. आधी पाण्यातलं सगळं काढायचं आणि मग जवळजवळ तेच विकत आणून घालायचं, यातली गंमत त्यांच्या मातोश्रींच्या पहिल्या दिवशीच लक्षात आली होती. “अलिबागहून दोन कॅन भरून आणले असतेस तर?” असं त्यांनी विचारलंही. त्यावर किनाऱ्याच्या पाण्यातला गाळ, बोटींचं डिझेल, सांडपाणी आणि पावसाळ्यात नद्यांमुळे पातळ होणारा खारेपणा यांवर त्यांना जे ऐकावं लागलं, त्यानंतर त्यांनी अलिबागचं नावही काढलेलं नाही.

टीडीएस मोजायचं पेन तेव्हापासून दर्यावर्दींच्या शर्टाच्या खिशात असतं. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला येतो, पेन त्यात बुडतं, आकडा बघून ते मान हलवतात आणि मग पितात. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी मुलाकडच्यांचं पाणी मोजलं. ‘तीनशे दहा’ असं ते हळूच म्हणाले, पण मांडवात नेमकी तेव्हाच शांतता होती आणि मुलाकडच्यांना वाटलं, हुंड्याचं काही चाललंय.

मीठ मोजायचा चष्मा म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर दोन थेंब टाकून, एक डोळा मिटून, बाल्कनीत उजेडाकडे तोंड करून बघायचं. त्या क्षणी ते थेट कान्होजी आंग्रे दिसतात. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मात्र एकदा सेक्रेटरींकडे तक्रार केली, की तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज सकाळी दुर्बीण लावतात.

पाणी झालं, दगड रचले, तरी मासे आणायचे नसतात. आधी ‘सायकल’ व्हावी लागते. टाकीत काहीतरी कुजून अमोनिया झाला पाहिजे. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू वाढले पाहिजेत. मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे. अमोनिया विषारी, नायट्राइट वाईट, नायट्रेट त्यातल्या त्यात सोसण्याजोगं. याला चार ते सहा आठवडे लागतात. हल्ली अमोनियाची बाटली मिळते. पण दाढीवाल्या गुरूने जुनी रीत सांगितली होती, की एक कोळंबी टाका आणि सडू द्या.

दर्यावर्दींच्या घरी सात पिढ्यांत कोळंबी आलेली नाही. तरी ते गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेले, पँट घोट्यावर दुमडून, रुमाल नाकाच्या आसपास ठेवून.

“एक कोळंबी द्या.”

“एक किलो?”

“नाही. एक कोळंबी.”

मावशींनी कोयता खाली ठेवला. “पाव्हणं आलंय का मांजर?”

“नाही हो, टाकीत टाकायचीय. सडवायला.”

“अवं, मग ताजी कशाला नेता? कालची घ्या की.”

शेजारच्या मावशी वळल्या, त्यांच्या शेजारच्याही वळल्या. आयुष्यभर ‘ताजी आहे ना’ एवढंच ऐकलेल्या त्या बायकांसमोर हा माणूस सडण्याची हमी मागत होता. अखेर एक कोळंबी कागदात गुंडाळून फुकट मिळाली; वर “पुरल ना?” अशी आस्थेने चौकशी. घरी ती देवघराच्या भिंतीपलीकडे, टाकीत गेली. मातोश्रींनी चार दिवस खोलीत उदबत्ती लावली. पाचव्या दिवशी त्यांनी उदबत्तीचा ब्रँड बदलला.

एरवी लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला सात सेकंद उरले असताना हॉर्न वाजवणारा हा माणूस सहा आठवडे दगडांकडे बघत बसतो, याला माझ्या लेखी तपश्चर्याच म्हणावं लागेल. घरी येणारे मात्र मासे बघायला येतात.

“मासे कुठायत?”

“अजून आले नाहीत.”

“कधी येणार?”

“नायट्राइट शून्य झाल्यावर.”

मेट्रोपासून पुलांपर्यंत अशी उत्तरं ऐकायची सवय असल्यामुळे पाहुणे समजुतीने चहा घेतात.

रोज रात्री तपासणी. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग छापील तक्त्याशी ताडून बघायचा. अमोनिया पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो. दर्यावर्दींना सगळंच पिवळं दिसतं. इथे मातोश्री उपयोगी पडल्या. साडीचं सूत हातात घेऊन ब्लाउजपिसाचा जोड लावण्यात त्यांची हयात गेलेली. नळी खिडकीपाशी धरून त्या निकाल देत: “पोपटीत जरा लिंबू आहे.” तो निकाल वहीत जसाच्या तसा उतरवला जाई. ती वही मी पाहिली आहे. एका पानावर ‘नायट्राइट: वांगी, पण कोवळी’ अशी नोंद आहे.

मग दगडांवर तपकिरी लेप चढतो. हे डायटम नावाचं शेवाळ. नव्या टाकीतली सिलिका संपली की बहुतेक आपोआप जातं. घरकामाच्या मावशी रोज ते बघत होत्या. एक दिवस घासणी घेऊन त्या म्हणाल्या, “दादा, पाच मिनिटांत लख्ख करून देते.” दर्यावर्दी टाकीसमोर आडवे झाले. साबणाचा एक थेंब म्हणजे सगळा समुद्र खलास! मावशींना अजून वाटतं, की दादांचा स्वभाव चांगला आहे, फक्त स्वच्छतेचं वावडं आहे.

निळ्या दिव्याची तऱ्हा वेगळी. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. त्या शैवालाला निळा प्रकाश मानवतो. शास्त्र अगदी बरोबर. पण संध्याकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या निळ्या-जांभळ्या होतात तेव्हा खालून जाणाऱ्याला शास्त्र दिसत नाही. नव्या वॉचमनने एका शनिवारी मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, वर ऑर्केस्ट्रा असतो का?”

प्रवाळाच्या बाबतीत दर्यावर्दी कायद्याचे पक्के असतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी प्रवाळं आली, समुद्रघोडेही आले. तेव्हा आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ उचलणं म्हणजे गुन्हा. अंदमानहून आलेल्या मेव्हण्याने कौतुकाने वाळक्या प्रवाळाचा तुकडा पुढे केला, तेव्हा त्याला चहाऐवजी कलमं मिळाली. दर्यावर्दी स्वतः मऊ प्रवाळांवर समाधानी आहेत: बटणांसारखे झोएंथस, मुठी उघडझाप करणारा झेनिया. आणि दुकानात ते बिल मागतात. बिल या शब्दाने दुकानदाराचा चेहरा जसा होतो, तसा अमोनियाने माशाचाही होत नसेल. झोएंथस हाताळताना ते हातमोजे घालतात, कारण काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हे मातोश्रींना कळू दिलेलं नाही.

सातव्या आठवड्यात मासे आले. दोन. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. २००३च्या त्या सिनेमामुळे सगळी पोरं त्यांना निमो म्हणतात. दर्यावर्दी त्यांना ‘ऑसेलारिस’ म्हणतात, म्हणून पोरं त्यांच्याशी बोलत नाहीत. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला दांडगा असतो तो पुढे मादी होतो आणि मादी मेली की नराची मादी होते. ही माहिती मातोश्रींच्या कानावर जरा चाचरतच घालण्यात आली. त्या निवडत होत्या ती मेथी निवडत राहिल्या. म्हणाल्या, “बरोबरच आहे. मोठं झालं, की सगळं बाईलाच बघावं लागतं.”

माशांसाठी पुष्कळ वाचन करून मऊ प्रवाळाचं घर आणलेलं. त्यात ते राहतील अशी अपेक्षा. ते राहतात पंपाच्या लोहचुंबकाला चिकटून. हे त्यांच्यात सर्रास चालतं. पण दर्यावर्दींना ते फार लागलं. सगळ्या सोयींचा फ्लॅट घेऊन दिल्यावर मुलाने भाड्याच्या खोलीत राहावं, तसं.

या मंडळींना इतिहासाचीही आवड लागते. काचेच्या समुद्राचं वेड फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने लोकप्रिय केलं. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांत टाक्या शिरल्या. दर्यावर्दींचं खरं दैवत मात्र जकार्ताचा ली चिन एंग. १९६०च्या सुमारास त्याने जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. ‘बघा, यंत्रं लागतच नाहीत,’ असं ते सात यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून सांगतात. एंगच्या हाकेच्या अंतरावर समुद्र होता, हे सांगायचं राहून जातं.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापू नये म्हणून दिवाणखान्यात एसी लागला. झोपायच्या खोल्यांत पंखेच आहेत. त्यामुळे मे महिन्यात या घरी येणारे सगळे नातेवाईक दिवाणखान्यात, निळ्या उजेडात, ओळीने झोपतात. एसी सव्वीसवर, रिमोट दर्यावर्दींच्या उशाखाली. यंदा नागपूरच्या भाच्याला सव्वीस ही थंडी वाटेना. त्याने मध्यरात्री उशाखालून रिमोट काढून आकडा अठरावर नेला. पाणी पंचविसाच्या खाली गेल्याबरोबर टाकीतला हीटर कामाला लागला. एसी खोली गार करतोय, हीटर समुद्र गरम करतोय, दोघांचाही मीटर फिरतोय, असा सामना तीनपर्यंत चालला. मग थंडीने जाग येऊन दर्यावर्दी उठले, हीटरचा लाल दिवा पाहिला आणि त्यांनी भाच्याला हलवून उठवलं. भाच्याला वाटलं, मामा रागावणार. मामांनी त्याच्या हातात काचेची नळी दिली आणि म्हणाले, “उठलाच आहेस, तर आजीला हाक मार. नायट्रेट बघून घेऊ.”