भागीदारी, सहीपुरती

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याचं कलम 21 सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा हिशेब, सगळं या समितीकडे. म्हणजे कागदावर शाळेचे मालक पालकच!

प्रत्यक्षात सभा भरते मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी निम्मे पालक दुसऱ्याच्या रानात खुरपत असतात. मग बिचारं इतिवृत्तच सगळ्यांच्या वतीने बोलतं: ‘सखोल चर्चा झाली, सर्वानुमते मंजुरी.’

पालकांची आठवण शाळेला येते ती दोनदा. भिंती रंगवायला वर्गणी हवी असते तेव्हा, आणि पोरानं खिडकीची काच फोडली की. एरवी पोरगं वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलं, वाचता वाचता अडखळलं, तरी घरी निरोप जात नाही. गप्प बसणं ही आपल्याकडे ‘उत्तम वर्तणूक’. आणि कलम 24 म्हणतं, शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगावी. सांगतात ना! ‘घरी जरा लक्ष द्या.’ झाली सभा.

आता समितीचं रजिस्टर पोराच्याच दप्तरातून घरी येतं. चुलीपुढं बसलेल्या सदस्य आईला पोरगं बोट ठेवून सांगतं,

“आई, इथं सही कर. तू आज मौलिक सूचना केल्यास.”