ब्रुनोचे आजोबा

जालन्यात नव्या माणसाची ओळख काढायची तर एक प्रश्न पुरतो: ‘बियाण्यात का सळईत?’ 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून निम्मं गाव बियाण्यात आहे. उरलेलं रोलिंग मिलच्या धुराखाली. दोन्हींत नसेल तो मोसंबीत सापडतो. पण अलीकडे अंबड रोडच्या, मंठा रोडच्या वसाहतींत असे गृहस्थ दिसू लागलेत, की ज्यांना हा प्रश्न लागू पडत नाही. ते निवृत्त असतात, डोक्याला कानटोपी, हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जे काही असतं ते त्यांना ओढत नेत असतं. हे मुलाच्या कुत्र्याचे आजोबा.

यांची उत्पत्ती पुण्यात होते. 2020 च्या टाळेबंदीत हिंजवडीच्या पोरांना घरबसल्या करमेना, तेव्हा पिल्लं घेतली गेली. पुढं ऑफिसं उघडली आणि आठव्या मजल्यावरच्या पिल्लानं सोफ्यातला कापूस बाहेर काढला. मग एका शनिवारी जालन्याच्या दारात गाडी थांबली. ‘पप्पा, चारच महिने.’ ते चार महिने अजून चालू आहेत.

आमच्या गल्लीतले असे आजोबा म्हणजे नाना. एका बियाणे कंपनीत उभी हयात फील्डवर काढलेले. ‘घरात कुत्रं? माझ्या जिवंतपणी नाही’ हे त्यांचं जुनं वाक्य गल्लीला पाठ आहे, फक्त आता ते कोणी त्यांच्यासमोर म्हणत नाही. ब्रुनो गोल्डन रिट्रीव्हर. या जातीची पैदास 1868 साली स्कॉटलंडमध्ये एका लॉर्डानं सुरू केली, ती शिकाऱ्यानं पाडलेली बदकं तळ्यातून अलगद तोंडात धरून आणण्यासाठी. आमच्या गल्लीत तळं नाही आणि बदकंही नाहीत. ब्रुनोनं उपलब्ध साधनसामग्रीत व्यवसाय बसवला: तो शेजाऱ्यांच्या चपला आणतो. अगदी अलगद, दाताचा व्रण नाही. सकाळी पूजा आटोपली की नाना पिशवीत चपला भरून घरोघर परत करत हिंडतात.

चपला थांबवायच्या तर कुत्र्याला उद्योग हवा, हे नानांनी मोबाइलवर पाहून ठरवलं. पळवून पळवून दमवावं हा पहिला प्रयोग. त्यात नाना दमले. नंतर त्यांना कळलं की कुत्रं पायांपेक्षा नाकानं लवकर थकतं. हुंगून हुंगून शोधायला लावलं की अर्ध्या तासात मुकाट झोपतं. यासाठी बाजारात महागडी खेळणी मिळतात. नानांनी माळ्यावरून गोणपाट काढलं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या गोणपाटात नानांची सारी विद्या आहे. मे महिन्यात कृषी खातं गावोगाव सांगत हिंडतं, की घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं पास. नाना हेच करतात, फक्त गोणपाट कोरडं आणि दाणे डॉगफूडचे, तेही ब्रुनोच्या रोजच्या मापातून वजा केलेले. दहा ओळी, दहा दाणे, घट्ट गुंडाळी. ब्रुनो ती नाकानं उलगडत जातो आणि नाना वही घेऊन बाजूला बसतात. शेवटी उरलेले दाणे मोजून शेरा: ‘सत्त्याण्णव टक्के. प्रमाणित.’ एकदा त्र्याऐंशी आले तेव्हा त्यांनी मुलाला फोन करून विचारलं, याच्या आईबापांचा काही रेकॉर्ड आहे का.

पण नानांचा खरा अधिकार पंजांवर. या जातीच्या बोटांच्या बेचक्यात केस वाढतात आणि जालना जिल्ह्यात त्या केसांत अडकायला बारा महिने काही ना काही तयार असतं. पावसाळ्यात काळी माती. ती एकदा पायाला लागली की कुत्रं घरात शिरताना चार बूट घालून शिरतं. भाद्रपद सरला की कुसळ आणि सराटे. सराटा निदान बोचतो, म्हणजे प्रामाणिक. कुसळ लबाड, त्याची लव उलटी, म्हणून ते बेचक्यात शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही, आणि आठवड्यानं तिथं गळू दिसतं. शिवाय गोचीड, तिला बारमाही हंगाम. म्हणून नाना रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर सरकवून एकेक बोट फाकवून बघतात. बोथट टोकाच्या कात्रीनं गादीच्या पातळीला केस छाटतात. याला ते ‘आंतरमशागत’ म्हणतात.

पंजे धुवायचे हा वेगळा अध्याय, कारण नळाला रोज पाणी येत नाही. नानांनी रुंद तोंडाच्या बरणीत तांब्याभर पाणी घेतलं, एकेक पंजा बुडवून काढला आणि उरलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं. योजना निर्दोष होती. फक्त बरणी काकूंच्या लोणच्याची होती. त्या दिवशी नाना आणि ब्रुनो दोघंही ओसरीवर जेवले.

धुतल्यावर बोटांमधली ओल टिपायचं मात्र सुरुवातीला राहून जाई. ब्रुनो पाय चाटत बसे आणि पांढुरके केस विटकरी होत गेले. नानांनी भिंग लावून निदान केलं: तांबेरा. कोणतं बुरशीनाशक मारायचं इथपर्यंत विचार गेला होता. पशुवैद्य डॉक्टर म्हणाले, हा लाळेचा रंग आहे, ओल राहते म्हणून खाज येते, खाज येते म्हणून चाटतो, पाय कोरडे ठेवा. नाना म्हणाले, ‘म्हणजे निचरा कमी पडतोय. मग सरळ तसं सांगा की.’

त्याच दवाखान्यातला एक प्रसंग. जनावरांचा दवाखाना, रांगेत बैल, म्हशी, एक गाभण शेळी आणि मध्ये ब्रुनो. शेळीवाल्यानं विचारलं,

‘काय झालं हो याला?’

‘नखं वाढलीत.’

‘अन् मग?’

‘कापायचीत.’

शेळीवाला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘रानात सोडा की दोन-चार दिस. आपसूक झिजतील.’

त्याचं खरं होतं. गल्लीतल्या मोत्याची नखं आजवर कुणी कापलेली नाहीत; मुरमाचा रस्ता ते काम फुकट करतो. ब्रुनो फरशीवर राहतो, त्याची नखं टकटक वाजतात. आणि पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख तर जमिनीला लागतच नाही, ते वळून मांसात घुसतं. नखाच्या आत शीर असते. नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते, काळं असेल तर देवावर हवाला. नाना कापतात ते जोंधळ्याएवढं, मग चष्मा, मग पुन्हा जोंधळ्याएवढं. कापलेल्या जागी मध्यभागी काळा ठिपका दिसला की थांबायचं. एकदा शीर लागलीच. दाढीची तुरटी दाबून रक्त थांबलं. नानांचा रक्तदाब उतरायला दुपार झाली.

उन्हाळ्यात त्यांची आणखी एक तऱ्हा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसलं तर कुत्र्याच्या तळव्याला सोसेल. एप्रिलच्या एका संध्याकाळी नाना रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसून ‘पाच... सहा...’ मोजत होते. एका स्कूटरवाल्यानं गाडी लावली, त्यांना काखेत धरून उठवलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, ‘काका, या वयात उन्हात कामून फिरता?’

रविवारी रात्री पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. चारही पंजे क्रमानं कॅमेऱ्याला दाखवले जातात. मुलगा म्हणतो, ‘वा पप्पा, छान.’ मागून काकूंचा आवाज येतो, ‘आता ह्यांच्याही टाचा दाखवा त्याला. भेगांत ज्वारी पेरता येईल.’ नानांना मधुमेह आहे, पाय रोज तपासा असं डॉक्टरांनी बजावलंय. ते काम काकू करतात, नाना ब्रुनोचे पाय बघत असताना.

मधल्या काळात मुलानं मोठा फ्लॅट घेतला आणि दिवाळीला ब्रुनोला न्यायला आला. नाना म्हणाले, सध्या कुसळाचा सीझन आहे, बेचक्यात काही राहून गेलं तर तिकडं कोण बघणार? संक्रांतीनंतर बघू. संक्रांतीनंतर म्हणाले, आता ऊन लागेल, तुमच्याकडं सगळं सिमेंट. जूनमध्ये चिखल निघाला. पुढच्या दिवाळीला पोरानं विषयच काढला नाही. गेल्या रविवारी त्यानं कॉलवर एक नवीन पिल्लू दाखवलं, बीगल, तीन महिन्यांचं, तोंडात सोफ्याचा कोपरा.

नाना बराच वेळ स्क्रीनकडं पाहत राहिले. मग काकूंना म्हणाले, ‘बारक्या मापाची नखकात्री आणावी लागेल. अन् एक बरणी.’