गल्ल्यावर बसण्यापूर्वी

साहित्य: चालतं एक किराणा दुकान (स्वतःचं नसल्यास मामाचं), व्यवस्थापनाचं एक जाड पुस्तक, एक पोऱ्या आणि अधूनमधून गावाला जाणारे वडील. पोऱ्या बावन्न वर्षांचा असला तरी चालेल, आमचा आहे. चौदाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा चिकटलेलं नाव अजून सुटलेलं नाही.

पुस्तक उघडलंत की हेन्री फेयॉल भेटतील. बारावी कॉमर्सला पेपरच्या आदल्या रात्री ज्यांची चौदा तत्त्वं पाठ केली होतीत, तेच. फ्रान्समधले खाण इंजिनिअर. १९१६ साली त्यांनी ती मांडली. त्यांतलं 'आदेशातील एकवाक्यता' आधी लागू करून पाहा. म्हणजे एका माणसाला एकच साहेब. आमच्याकडे वडील पोऱ्याला सांगतात, "गुळाची ढेप फोड." काका म्हणतात, "राहू दे ती, टेम्पो आलाय." आतून आजी विचारते, "अरे, दळण आणलंस का?" पदवी घेऊन परत आलो आणि मी चौथा साहेब झालो. कोणी कोणाला काय सांगायचं याचा एक तक्ताच भिंतीला चिकटवला. त्यात आजी नव्हती. त्या दुपारी आतून चहा आला नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवरून उतरला होता आणि त्याच्या पाठीवर पोऱ्यानं गुळाचा हिशेब मांडला होता.

पुढची पायरी फ्रेडरिक टेलर. अमेरिकेतल्या पोलादाच्या कारखान्यात हा माणूस हातात घड्याळ घेऊन हिंडला आणि एका फावड्यात साधारण साडेनऊ किलो माल आला तर दिवसभरात सगळ्यात जास्त काम उरकतं, हे त्यानं काढलं. तुम्ही पुडीपासून सुरुवात करा. आमचा पोऱ्या पाव किलो शेंगदाणे कागदावर ओततो, चारी कडा आत मोडतो, छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून दोन वेढे घेतो आणि बोटाला गुंडाळून तट्कन तोडतो. गाठ कुठे मारतो ते मला आजतागायत दिसलेलं नाही. मी मोबाइलवर वेळ लावली: अकरा सेकंद. माझी पुडी एक्केचाळीस सेकंदांत झाली आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुटली. वेळ मोजतोय हे लक्षात आल्यावर पोऱ्याला मात्र पंचवीस सेकंद लागायला लागले. टेलरचीही कामगारांबद्दल हीच तक्रार होती, एवढंच काय ते समाधान.

नियंत्रणाचा धडा मात्र गाळू नका, तो साखरेत आहे. समजा, पन्नास किलोचं पोतं बेचाळीसच्या भावानं आणलंत आणि त्रेचाळीसनं विकलंत. पोत्यामागे सुटले पन्नास रुपये. आता किलोमागे पाच ग्रॅम जास्त पडले, म्हणजे चमचाभर, तर पोत्यामागे पाव किलो गेली. साडेदहा रुपये, नफ्याचा पाचवा हिस्सा. म्हणून वडील काट्याशी स्वतः बसतात. आणि तरीही किलो भरल्यावर वरून चार दाणे टाकतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. ते चार दाणे कुठल्या खात्यात धरायचे, हे विचारू नका. मी विचारलं होतं.

उधारीला पुस्तकात 'येणी' म्हणतात. येणी वेळेत वसूल करावीत. वडिलांची पद्धत अशी, की उधारीवाला समोर आला की, "काय म्हणते सूनबाईची तब्येत?" एवढंच विचारायचं. मग तो मान खाली घालून म्हणतो, "पगार झाला की देतो, अण्णा." मी सगळ्या उधाऱ्या वहीतून कॉम्प्युटरवर चढवल्या आणि प्रत्येकाला मुदतीसह छापील पत्र पाठवलं. वसुली जबरदस्त झाली. आठ दिवसांत बहुतेकांनी पै न् पै चुकती केली आणि महिन्याचा किराणा समोरच्या दुकानातून भरायला सुरुवात केली. धंद्याचा हेतू गिऱ्हाईक घडवणं हाच, असं पीटर ड्रकरनं १९५४ साली लिहिलंय. ते प्रकरण मी तोवर वाचलेलं नव्हतं.

शेवटचा धडा अधिकारवाटपाचा. त्यासाठी पुन्हा फेयॉलकडे जावं लागेल. १८६१ साली ते खाणीत नवखे होते. गाडे ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला म्हणून त्यांनी दुसरा घोडा मागवायची चिठ्ठी लिहिली. तबेलेवाल्यानं ती घेतलीच नाही, कारण डायरेक्टरची सही नव्हती. डायरेक्टर बाहेर गेलेला, त्याच्या जागी नेमलेलं कोणी नाही. काम खोळंबलं.

आमचे वडील आषाढीला पंढरपूरला गेले तेव्हा गोदामाची किल्ली त्यांच्या कनवटीलाच गेली. दुसऱ्या सकाळी पाऊस लागलेला, आणि नाक्यावरचा हॉटेलवाला तेलाचे दोन डबे मागायला आला. भज्यांचा घाणा तापत होता. तेल कुलपाआड. आजी म्हणाली कुलूप तोड. काका फोनवर म्हणाले, हात लावू नकोस. पोऱ्या काहीतरी सांगायला पुढे आला, पण त्याचं नाव तक्त्यात सगळ्यात खाली होतं, म्हणून मी हातानंच थांबवलं. समोरच्या दुकानातून किरकोळ भावानं दोन डबे आणले आणि आमच्या नेहमीच्या भावानं हॉटेलवाल्याला दिले. गिऱ्हाईक टिकलं. डब्यामागे चाळीस रुपये गेले.

वडील परतले, त्यांनी रोजमेळ पाहिला, चष्मा पुसला. पोऱ्याकडे वळून म्हणाले, "देवघरात दुसरी किल्ली असते ना रे?"

"असते की, अण्णा."

कार्तिकीला वडील पुन्हा पंढरपूरला निघाले. या वेळी जाताना त्यांनी दोन्ही किल्ल्या पोऱ्याच्या हातात ठेवल्या आणि मला म्हणाले, "तू पुड्या बांध."