थाटकाका

एखाद्याला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवावा आणि त्याने म्हणावं, "हं, आपल्याकडे विहीर आहेच," तर त्या माणसाचं काय करायचं? आम्ही दोह्यातल्या मराठी पालकांनी त्याच्याकडे मुलं शिकायला पाठवली.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर आहे. बाकी सगळीकडे ते थाटकाका. थाट म्हणजे डामडौल नव्हे. माणूस बारा महिने एकाच राखाडी सफारीत दिसतो. हे थाट संगीतपंडित भातखंड्यांचे, म्हणजे राग ज्यांत वाटून ठेवायचे ते साचे, एकूण दहा. जगातलं कुठलंही गाणं या दहांपैकी एकात बसतंच, बसत नसेल तर ते गाणं नीट बसलेलं नाही, अशी काकांची श्रद्धा आहे.

धंद्याने काका क्वांटिटी सर्व्हेअर. काँक्रीट, सळई आणि टाइल मोजण्यात हयात गेली. भातखंडेही मुळात वकील होते, हे ते वारंवार सांगतात. म्हणजे पोट एका धंद्यावर आणि जीव दुसरीकडे, एवढं साम्य दोघांत आहे. पुढचं साम्य ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. भातखंडे बंदिशी गोळा करत देशभर फिरले, काका शनिवारी दोहाभर फिरतात.

मूळ गाव मिरज. मिरजेचा माणूस तंबोऱ्याच्या भोपळ्यातूनच जन्माला आल्यासारखा वागतो. "सतारमेकर गल्लीच्या आवाजात वाढलोय आम्ही," असं काका म्हणतात. गल्ली घरापासून किती लांब, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सायकलने दहा मिनिटं." गांधर्व मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झालेल्या. "विशारद राहिलं," हे वाक्य ते लग्न राहून गेलेल्या माणसाच्या आवाजात म्हणतात.

तर वर्गाचं नाव 'विश्वसंगीत परिचय'. वयोगट पाच ते आठ. दर शनिवारी सकाळी एकेका घरी, सतरंजीवर. फी नाही, पण पेटी पुढच्या घरी पोचवण्याची जबाबदारी पालकांची. आमची लेक सात वर्षांची, म्हणून मी वर्गात. खरं तर पेटीबरोबर.

काकांचं एक रजिस्टर आहे. त्यात रकाने आखलेले : अनुक्रमांक, देश, गाण्याचा प्रकार, थाट, 'आपल्याकडील समतुल्य' आणि शेरा. अर्धा वर्ग या रजिस्टरात जातो. मुलांना वाटतं, संगीत शिकायचं म्हणजे कुणीतरी लिहीत असताना गप्प बसायचं.

पहिली सहल कटाऱ्याला, म्हणजे दोह्याच्या सांस्कृतिक वसाहतीत, जुन्या जहाजांच्या महोत्सवात. मोती काढायला जाणाऱ्या जहाजांवर एक नहाम असायचा. मोठ्या जहाजावर गाणं हेच त्याचं काम. उन्हाळ्यात चार-चार महिने माणसं समुद्रावर, आणि शीड चढवताना, दोर ओढताना, वल्हं मारताना सगळ्यांचा दम एका लयीत बांधायला हा गडी. तो वरच्या पट्टीत आळवणी करतो आणि बाकीचे खाली एक स्वर धरतात. किती खाली? आमच्या छातीचं हाड थरथरलं, इतका खाली. टाळ्या, मिरवास नावाचा छोटा दुतोंडी ढोल, आणि जहला म्हणजे चक्क मातीचं मडकं. या गाण्याला फिजिरी म्हणतात. बहारीनच्या प्रस्तावावरून 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. मोत्यांचा धंदा जपानी कल्चर मोत्यांनी आणि मंदीने 1930 च्या दशकात बुडवला. गाणं तेवढं तरंगत राहिलं.

मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मीसुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे आपल्याकडे आहेच. खर्जाचा रियाज. मडकं म्हणजे घटम्. एक सांगणारा, बाकीचे मागे म्हणणारे. भजनी मंडळ! फक्त विठ्ठलाच्या जागी वारा."

एक पालक धीर करून म्हणाले, "पण काका, हे इथलं असेल ना?"

"इथलं कसं? मोती विकायला हे लोक कुठे जायचे? मुंबईला. इथे 1966 पर्यंत चलन कुठलं? रुपया. मोती मुंबईत, पैसा मुंबईचा, मग गाणं तेवढं इथलं?"

या युक्तिवादातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हीच काकांशी वाद घालण्यातली मुख्य अडचण. माणूस खोटं एक अक्षर बोलत नाही, फक्त बेरीज चुकते. सर्व्हेअर असून.

रमजानच्या चौदाव्या रात्री इथे गरंगाओ असतो. उपास सुटला की पोरं नटूनथटून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून, दारोदार गाणं म्हणत फिरतात आणि लोक त्यांच्या पिशव्यांत सुकामेवा, गोळ्या टाकतात. आमच्या लेकीला शेजारच्या मुलींनी हाताला धरून नेलं. तासाभराने ती अक्रोड, बदाम, शेंगा अशी किलोभर कमाई आणि एक पाठ झालेलं अरबी गाणं घेऊन परत आली. काकांना मी फोनवर सांगितलं. ते क्षणभर थांबले, मग रजिस्टराचं पान उलटल्याचा आवाज आला. "लिहून घेतो. गरंगाव. हादगा, खिरापतीसह."

"गरंगाव नाही काका, गरंगाओ."

"अहो, गरंगाव म्हणजे आमच्या कवठेमहांकाळच्या अलीकडचं गाव वाटतंय. नावच सांगतंय."

वर्ग आमच्या घरी होता तेव्हा एक प्रसंग घडला. लिफ्ट बंद, म्हणून पेटी घेऊन आम्ही जिन्याने निघालो होतो. खाली आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, खुर्चीवर बसून स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. तो सुदानचा. सुदानमधली कितीतरी गाणी पाच स्वरांत चालतात. काका पहिल्याच पायरीवर थबकले. डोळे मिटले. पेटीचं माझ्या बाजूचं वजन एकदम दुप्पट झालं, कारण त्यांनी आपली बाजू सोडली होती.

"भूप!" काका ओरडले. "म-नी वर्ज्य! अहो, शुद्ध भूप! भाईसाब, ये भूप है!"

नातूर दचकून उभा राहिला. त्याने खिशातून भाडेकरूंची यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "भूप? कौन फ्लॅट? इधर कोई भूप नहीं."

शेऱ्याच्या रकान्यात काकांनी लिहिलं : 'गायक स्वतःच्या रागाबाबत अनभिज्ञ.'

आता उदाचा शनिवार. तो सविस्तरच सांगायला हवा.

काकांनी सूक वाकिफच्या बाजारातून उद विकत आणला होता. उद म्हणजे अरबांचं पेअरच्या आकाराच्या पोटाचं तंतुवाद्य. सतारीसारखे पडदे त्याला नसतात. बोट जिथे ठेवाल तिथे स्वर. काकांना तो वाजवता येत नव्हता, पण दाखवता येत होता. त्या दिवशी विषय होता मकाम, म्हणजे त्यांच्याकडची स्वरांची चाल. मकाम हिजाझ पेटीवर वाजवून काकांनी तो आपल्या बसंत मुखारीशेजारी नेऊन बसवला, आणि खरं सांगतो, छान बसला. काकांचा चेहरा फुलला. मग ते मकाम रास्तकडे वळले.

रास्तमधला गंधार आपल्या कोमल गंधाराच्या वर आणि शुद्ध गंधाराच्या खाली असतो. दोन पट्ट्यांच्या बरोबर फटीत. काकांनी कोमल वाजवला. नाही. शुद्ध वाजवला. नाही. मग थोडा विचार करून दोन्ही एकदम दाबले. जो आवाज आला तो संध्याकाळी सहाला डी रिंग रोडवर ऐकू येतो.

समोरच्या फ्लॅटमधला सहा वर्षांचा इजिप्शियन मुलगा दारात उभा होता. त्याला आमच्या वर्गाबद्दल ओढ होती ती चकल्यांमुळे. चकली चावत तो सहज तो गंधार गुणगुणला. अगदी फटीतला. घरी रेडिओवर कानावर पडत असणार, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या लेकीने तो उचलला. तिच्याकडून पुढच्या पोराने घेतला. बघता बघता अकरा मराठी मुलं कोमल आणि शुद्धच्या मधोमध उभी राहून गायला लागली, हातात चकल्या.

काकांनी पेटीवर शुद्ध गंधार खाडकन दाबून धरला. "बेसूर! बेसूर चाललंय सगळं!"

आमची लेक थांबली. तिने एकदा त्या मुलाकडे आणि एकदा पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "काका, पेटी बेसूर आहे."

पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. मग काका सावरले. "बाळांनो, हे सूक्ष्म स्वर आपल्याकडे आहेतच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात बावीस श्रुती सांगितल्यात. यांचे मोजले तर चोवीस. आपलेच दोन वाढवलेत."

"मग वाजवा ना."

"पेटीत नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"ग्रंथात."

मुलांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. एखाद्याचं खेळणं गावी राहिलं असं त्याने सांगितलं की मुलं डोलावतात तशा.

पेटीवर हा ठपका पहिल्यांदा आलेला नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली होती आणि पुढे तीस वर्षं ती उठली नाही. कारण तेच, श्रुती नाहीत, मींड नाही. अरबांनी हेच भांडण पियानोवरून केलं. 1932 मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली, बार्टोकसारखे युरोपियन संगीतकार आले होते, आणि पियानोला घरात घ्यायचं की नाही यावर विद्वानांची जुंपली. चोवीस स्वर सारख्या अंतरावर मानायचे का, यावरही. मी हे काकांना मुद्दाम सांगितलं. म्हटलं, दुखऱ्या जागेवर फुंकर.

"भांडले ना?" काका खूश झाले. "संगीतावरून भांडणं हेही आपल्याकडे आहेच."

रास्त रजिस्टरात कुठे गेला, हे मला पेटी उचलताना दिसलं. दहा थाटांच्या खाली काकांनी पट्टीने नवी ओळ आखली होती आणि धंद्यातला शब्द वापरला होता : 'व्हेरिएशन. मंजुरी प्रलंबित.' उद आता आमच्याकडे असतो. त्याला पेटीची दृष्ट लागते म्हणे.

कटाऱ्यातच 2011 पासून कतार म्युझिक अकॅडमी आहे. तिथे मुलांना अरबी संगीतही शिकवतात आणि पाश्चात्त्यही, उद-कानूनही आणि व्हायोलिन-पियानोही. सोयीचं पडेल म्हणून काही पालकांनी तिकडची चौकशी केली. काकांना कळलं. ते रागावले नाहीत. "जा, जरूर जा," म्हणाले. "पण दोनच विभाग आहेत हो. आपल्याकडे दहा."

गंमत अशी, की कुणीही गेलं नाही. कारण विचाराल तर आमच्या मुलांना थाटकाका आवडतात. ते चुकतात, आणि मुलांदेखत चुकतात. मोठी माणसं एवढी सोय सहसा करून देत नाहीत. शिवाय त्यांच्यामुळेच आमच्या लेकीला नहाम, नातूर आणि कैरोचा गंधार भेटला. ते भेटल्यावर काका काय बोलले, ते तिने ऐकलं नसावं असं मी धरून चाललो होतो.

या जुलैत आम्ही सुट्टीला गावी गेलो. एकादशीला आई तिला देवळात भजनाला घेऊन गेली. बुवांनी वरच्या पट्टीत अभंग उचलला, मागच्यांनी खाली सूर धरला, टाळ वाजायला लागले, पखवाजावर थाप पडली. बायका डोळे मिटून डुलत होत्या. लेक पाचेक मिनिटं मन लावून ऐकत राहिली. मग आजीच्या पदराला हिसका देऊन, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, हे आमच्या कतारमध्ये आहेच."

ही बातमी मी अजून काकांच्या कानावर घातलेली नाही. सप्टेंबरात वर्ग पुन्हा सुरू होतोय. पहिलं घर मन्सुऱ्यात, चौथा मजला, लिफ्टचा भरवसा नाही. पेटीची एक बाजू मी धरतो. दुसरीसाठी कुणी दणकट पालक असतील तर शुक्रवारपर्यंत कळवावं. काकांवर विसंबू नये, वाटेत कुणी गायला लागलं की ते सोडून देतात.