यादी वीसची, पसंती मामांची

मुलाला अमेरिकेत पदवीला पाठवायचं ठरलं की पहिली बैठक भरते ती मुलाला वगळून. त्याची बारावी आहे, त्याला कशाला त्रास! न्यू जर्सीतल्या एडिसनचे मामा व्हिडिओ कॉलवर अध्यक्षस्थानी. त्यांची कसोटी शास्त्रशुद्ध आहे: कॉलेजचं नाव ऐकून सोसायटीतल्या लोकांनी "कुठलं म्हणालात?" असं विचारलं, की ते बाद. अ‍ॅमहर्स्ट असंच बाद झालं. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि गरज असेल तेवढी मदत करणारी जी मोजकी कॉलेजं तिथं आहेत, त्यांत ते मोडतं. पण लिफ्टमध्ये त्या नावानं कुणाचीच मान वळत नाही, त्याला काय करणार?

मावशींनी मायामी युनिव्हर्सिटी समुद्रासाठी सुचवली. ती निघाली ओहायोत, गावाचं नाव ऑक्सफर्ड. मावशी उलट खूश. एका फीमध्ये दोन नावं!

बाबांचा विश्वास फक्त रँकिंगवर. 2022 मध्ये कोलंबियाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकानं विद्यापीठानं रँकिंगसाठी पुरवलेले आकडे तपासून चुका दाखवल्या आणि दुसऱ्या क्रमांकावरचं विद्यापीठ त्याच वर्षी 18व्या क्रमांकावर आलं. इमारती त्याच, प्राध्यापक तेच, ग्रंथालयही जागेवर. बाबांनी मात्र कोलंबियाला लगेच पायरी दाखवली.

कॉमन अ‍ॅपवर एकाच सामाईक अर्जात जास्तीत जास्त 20 कॉलेजं घेता येतात. जागा रिकामी ठेवणं आपल्या रक्तात नाही, त्यामुळे वीसच्या वीस भरली. त्यांत 'ड्रीम' अठरा. 'सेफ्टी', म्हणजे जिथं प्रवेश जवळपास नक्की, हा शब्द मामांना अपमानास्पद वाटतो.

या सगळ्यात अर्जातला एक प्रश्न कुणी मोठ्यानं वाचत नाही: आर्थिक मदत हवी का? बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलानं 'हो' म्हटलं की प्रवेशाची शक्यता घटते. 'नाही' म्हटलं तर मागाहून हात पसरणं अवघड. त्यात 'अर्ली डिसिजन' म्हणजे देण्याघेण्याचं न बोलता सुपारी फोडणं. प्रवेश मिळाला तर येणारच, असं मुलगा, पालक आणि शाळेचा समुपदेशक यांनी सहीनिशी लिहून द्यायचं. मदत किती मिळणार, ते नंतर कळणार.

तेव्हा पालकहो, अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीचं पान वाचा. मामांच्या लाडक्या बर्कलीसह कॅलिफोर्नियाच्या सगळ्या 'यूसी' विद्यापीठांत गरजेवर आधारित सरकारी मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही.